पारपटलाचे दृढीकरण : आधी मोजणी, मग किरण

शरीरातील जी ऊती बळकट असते ती सहसा अपारदर्शक असते. हाड, कंडरा, कातडी यांची उदाहरणे सर्वांच्या परिचयाची आहेत. डोळ्याच्या अग्रभागी असलेले पारपटल मात्र या नियमाला अपवाद होय. ज्या कोलॅजेन नावाच्या प्रथिनाने कंडरा घडलेली असते, त्याच प्रथिनाने पारपटलही घडलेले असते. तरीही ते काचेसारखे निर्मळ असते. त्याचा व्यास साधारणतः ११ ते १२ मिलिमीटर आणि मध्यभागीची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. डोळ्याची एकंदर वक्रीभवनशक्ती सुमारे ६० डायॉप्टर धरली, तर त्यांपैकी सुमारे ४३ डायॉप्टर एवढी शक्ती या पातळ पडद्याच्या वक्रतेतून येते. आपण बोलण्यात ज्याला सरसकट बुबुळ म्हणतो तो काळा भाग या झाकणाच्या मागे असतो. झाकण स्वतः दिसत नाही. म्हणूनच ते बिघडू शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते.

या पडद्याचा दुबळा झालेला तेवढाच भाग निवडून लेझर किरणांनी त्यास बळकटी आणता येईल, अशी आशा गेल्या काही वर्षांतील संशोधनाने निर्माण केली आहे. ही आशा निराधार नाही. परंतु तिच्यामागे धावताना आपल्या मध्य भारतातील डॉक्टर, शाळा आणि शासन यांनी कोणती गोष्ट आधी करावी व कोणती मागून करावी, याविषयी एक निश्चित मत मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. ते मत थोडक्यात असे : निवडक उपचाराला निवडक मोजणी लागते, आणि ती मोजणी आपल्याकडे अद्याप सुरूही झालेली नाही अशा वयात ती झाली पाहिजे.

विकाराचे स्वरूप

पारपटलाचा सुमारे नऊ-दशांश भाग स्ट्रोमा नावाच्या थराने व्यापलेला असतो. त्यात कोलॅजेनच्या अतिसूक्ष्म तंतूंचे शेकडो पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि प्रत्येक पापुद्र्यातील तंतूंची दिशा शेजारच्या पापुद्र्याहून निराळी असते. बुरूड टोपली विणतो तेव्हा बांबूच्या उभ्याआडव्या कामट्यांमुळेच टोपलीला आकार आणि बळ येते. एकाच दिशेच्या कामट्यांची टोपली होत नाही. पारपटलाचेही तसेच आहे. डोळ्याच्या आत जो द्रवाचा दाब असतो तो या विणीला सतत बाहेर रेटीत असतो, आणि वीण घट्ट असेपर्यंत घुमटाचा आकार कायम राहतो.

काही व्यक्तींत, बहुधा पौगंडावस्थेत, ही वीण एखाद्या ठिकाणी सैल पडू लागते. तेथे पडदा पातळ होतो, आतील दाबाने पुढे सरकतो आणि गोल घुमटाचा हळूहळू शंकू बनतो. या विकारास केरॅटोकोनस असे नाव आहे. मराठीत त्यास शंक्वाकार पारपटल म्हणता येईल. दिव्याभोवती प्रकाशाचे फराटे दिसणे, एका डोळ्याने पाहिले तरी अक्षराला सावली दिसणे, चष्म्याचा तिरपा नंबर दर सहा महिन्यांनी वाढत जाणे ही त्याची लक्षणे होत. पुढे पुढे चष्म्याने दृष्टी सुधारत नाही, कारण चष्मा नियमित वक्रता दुरुस्त करू शकतो, वेडीवाकडी झालेली वक्रता दुरुस्त करू शकत नाही. मग कठीण स्पर्शभिंगे वापरावी लागतात. विकार फार वाढला तर मृत व्यक्तीने दान केलेल्या पारपटलाचे रोपण हाच मार्ग उरतो. वयाच्या तिशी-चाळिशीत विकाराची वाढ सहसा मंदावते, कारण वयोमानानुसार कोलॅजेनचे तंतू आपोआपच एकमेकांना अधिक घट्ट जखडले जातात. पण तोपर्यंत शिक्षणाची आणि नोकरीला लागण्याची वर्षे निघून गेलेली असतात.

या विकाराचा डोळे चोळण्याशी निकटचा संबंध आहे, ही गोष्ट येथे मुद्दाम सांगितली पाहिजे. उष्ण व कोरड्या प्रदेशांत मुलांना, विशेषतः मुलग्यांना, डोळ्यांची एक प्रकारची ॲलर्जी होते. डोळे लाल होतात, असह्य खाज सुटते आणि मुले मुठीने डोळे चोळीत राहतात. रायपूरचा वैशाख ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अशी मुले शोधण्यास दूर जावे लागणार नाही. 'उष्णता झाली' असे म्हणून घरोघरी या खाजेकडे दुर्लक्ष होते. अशा प्रत्येक मुलाला शंक्वाकार पारपटल होते असे मुळीच नाही. परंतु ज्याची वीण मुळातच सैल आहे त्याच्या पारपटलावर मुठीचा हा रोजचा आघात घातकच ठरतो.

नागपूरकडील आकडा

हा विकार विरळा आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील नोंदींवर आधारलेला व १९८६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास दर लाख लोकांमागे सुमारे ५४ रुग्ण असे प्रमाण देतो, आणि पाठ्यपुस्तकांतून तोच आकडा वर्षानुवर्षे फिरत राहिला. आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्याने या समजुतीस धक्का दिला. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीतील प्राध्यापक योस्ट योनास यांच्या पुढाकाराने २००६ ते २००८ या काळात नागपूरपासून सुमारे चाळीस किलोमीटरवरील आठ खेड्यांत नेत्रतपासणीची मोठी पाहणी झाली. तीस वर्षे व त्यावरील ५,८८५ ग्रामस्थांपैकी ४,७११ जणांनी तीत भाग घेतला. पारपटलाची शक्ती ४८ डायॉप्टर किंवा त्याहून अधिक असेल तर तो विकार समजावा, अशी व्याख्या घेऊन २००९ साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला त्यात हे प्रमाण सुमारे २.३ टक्के आले.

या आकड्याचा अर्थ लावताना सावधगिरी बाळगली पाहिजे. मिनेसोटातील संख्या रुग्णालयात निदान झालेल्यांची होती, तर नागपूरकडील संख्या घरोघरच्या लोकांना बोलावून केलेल्या मोजमापाची होती. म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून थेट तुलना करणे योग्य नव्हे. शिवाय केवळ वक्रतेच्या एका मर्यादेवरून रोग ठरवणे ही स्थूल पद्धती आहे. ती मर्यादा थोडी वर सरकवली की प्रमाण झपाट्याने घटते. तथापि एवढी सूट दिल्यावरही एक गोष्ट शिल्लक राहते. मध्य भारतातील खेड्यांत अधिक तीव्र वक्रतेची पारपटले पुष्कळ आहेत, आणि ती कोणी मोजल्यावाचून उजेडात आली नसती.

याहून महत्त्वाचा मुद्दा वयाचा आहे. ही पाहणी तिशीच्या पुढच्या लोकांची होती. म्हणजे ज्यांचा विकार वाढण्याचा काळ बहुतांशी सरून गेला होता, त्यांची ही गणना झाली. उपचाराचा उपयोग व्हावयाचा तो दहा ते पंचवीस या वयात. त्या वयाची गणना तीत नव्हती आणि तिचा तो हेतूही नव्हता. रायपूर आणि नागपूर ही शहरे १९५६ पर्यंत एकाच प्रांतात होती, रेल्वेने त्यांच्यात सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर आहे, आणि दोहोंचे हवामान व लोकजीवन यांत पुष्कळ साम्य आहे. नागपूरकडच्या खेड्यांत जे आढळले ते महानदीच्या खोऱ्यात नसेलच, असे गृहीत धरण्यास काही आधार नाही.

जीवनसत्त्व आणि अतिनील प्रकाश

सैल वीण पुन्हा घट्ट कशी करावी, या प्रश्नाचे पहिले व्यवहार्य उत्तर जर्मनीतील ड्रेस्डेन येथे मिळाले. मधुमेही व्यक्तींत शंक्वाकार पारपटल क्वचित आढळते, कारण रक्तातील वाढलेल्या साखरेमुळे त्यांच्या कोलॅजेनच्या तंतूंत जादा रासायनिक बंध निर्माण होतात, असा विचार तेथील संशोधकांपुढे होता. असे बंध निराळ्या व सुरक्षित मार्गाने निर्माण करता येतील काय, याचा शोध त्यांनी नव्वदच्या दशकात घेतला. कातडे कमावण्याच्या प्राचीन कलेतही हेच घडते : कोलॅजेनच्या रेणूंमध्ये आडवे बंध पडून कच्चे कातडे टिकाऊ चामडे बनते. फरक एवढाच की, पारपटलाच्या बाबतीत बळकटी आणताना पारदर्शकता गमावून चालत नाही.

वोलेन्झाक, श्पोर्ल आणि झायलर या तिघांनी २००३ साली २३ डोळ्यांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पद्धती अशी : पारपटलावरील पातळ बाह्यस्तर काढावयाचा, जीवनसत्त्व ब-२ म्हणजे रायबोफ्लेविन याचे पिवळे थेंब अर्धा तास घालून ते आत मुरू द्यावयाचे, आणि मग ३७० नॅनोमीटर तरंगलांबीचा सौम्य अतिनील प्रकाश आणखी अर्धा तास पाडावयाचा. प्रकाश शोषून रायबोफ्लेविन ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपे निर्माण करते, आणि ती कोलॅजेनच्या रेणूंत नवे आडबंध घडवितात. पारपटलाच्या आतील बाजूस पेशींचा जो एकेरी अंतःस्तर असतो त्याची हानी झाली तर ती भरून येत नाही; म्हणून पारपटलाची जाडी किमान ४०० मायक्रॉन असावी, असा दंडक घालण्यात आला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारास २०१६ साली मान्यता दिली, आणि भारतातील अनेक नेत्ररुग्णालयांत तो आज रुळलेला आहे. नेदरलँड्समध्ये हा उपचार सुरू झाल्यानंतरच्या तीन वर्षांत शंक्वाकार पारपटलासाठी होणाऱ्या रोपणांची संख्या सुमारे एक-चतुर्थांशाने घटल्याचे आढळून आले.

या उपचाराची मर्यादा मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. तो विकाराची वाढ थांबवितो. गेलेली दृष्टी परत आणीत नाही. काही रुग्णांत वक्रता थोडी सुधारते, पण तो लाभ गृहीत धरता येत नाही. चौदाव्या वर्षी उपचार झाला तर मुलगा चष्म्यावर आयुष्य काढू शकतो. चोविसाव्या वर्षी झाला तर जे बिघडले आहे ते बिघडलेल्या अवस्थेतच स्थिर होते.

लेझर काय नवे आणतो?

लेझर आणि पारपटल यांचा संबंध जुना आहे, आणि त्याच्या आरंभी एका भारतीयाचे नाव आहे. मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी न्यूयॉर्क राज्यातील आय. बी. एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत आपल्या सहकाऱ्यांसह १९८१ साली असे दाखवून दिले की, १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा एक्झायमर लेझर प्राणिज ऊती न जाळता थर-थर करून उडवू शकतो. त्या शोधातून पुढे लॅसिक शस्त्रक्रिया आली आणि लेझर म्हणजे चष्मा घालवणारे यंत्र, असे समीकरण लोकांच्या मनात रुजले. परंतु तो लेझर पारपटल झिजवतो, म्हणजे पातळ करतो. ज्यांची वीण आधीच सैल होती अशा काही जणांचे पारपटल या शस्त्रक्रियेनंतर पुढे आले, असे झायलर यांनीच १९९८ साली नमूद केले. म्हणून लॅसिकपूर्वी पारपटलाचा नकाशा काढणे आज आवश्यक मानले जाते.

बळकटी आणणारा लेझर याच्या अगदी उलट काम करतो. २०१८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील सिनिशा व्हुकेलिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेम्टोसेकंद लेझरचा असा एक उपयोग जाहीर केला. फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश. शंभर फेम्टोसेकंदांत प्रकाशही केवळ ३० मायक्रॉन पुढे जातो. हे अंतर मानवी केसाच्या जाडीहूनही कमी आहे. इतक्या अल्पकाळ टिकणारे स्पंद भिंगाने एका बिंदूवर एकवटले की, केवळ त्या बिंदूपाशी प्रकाशाची तीव्रता प्रचंड होते. वर आणि खाली ती क्षीण राहते. भिंगाने कागद जाळताना ठिणगी पडते ती फक्त नाभीपाशी, तसेच काहीसे हे आहे. तीव्रता ऊतीला फोडण्याच्या मर्यादेखाली ठेवली, तर त्या बिंदूतील पाण्याचे आयनीभवन होते, क्रियाशील ऑक्सिजन निर्माण होतो आणि तेथेच आडबंध पडतात. थेंब नकोत, बाह्यस्तर काढणे नको, आणि अंतःस्तरापर्यंत प्रकाशाची झळ पोचण्याचे भय कमी. शिवाय कोठे बंध घालावे व किती खोल घालावे हे बिंदूबिंदूने ठरविता येते, म्हणून पारपटलाची वक्रता हवी तशी बदलण्याची शक्यताही त्यात आहे.

हे प्रयोग डुकरांच्या काढलेल्या डोळ्यांवर आणि जिवंत सशांवर झाले. सशाच्या डोळ्यावरील काही आठवड्यांचे निरीक्षण आणि मनुष्याच्या डोळ्याची पुढील चाळीस वर्षे यांत अंतर आहे. या क्षेत्राचा इतिहासही सावध करणारा आहे. होल्मियम लेझरच्या उष्णतेने पारपटलाच्या कडेचे कोलॅजेन आकसवून दूरदृष्टिदोष घालवण्याची युक्ती नव्वदच्या दशकात निघाली, २००० साली अमेरिकेत तिला मान्यताही मिळाली. पण तिचा परिणाम काळाबरोबर ओसरत जातो हे दिसून आले आणि ती मागे पडली. नवी पद्धती त्या वाटेने जाईलच असे नव्हे, कारण तिचा आधार उष्णता नसून रासायनिक बंध आहे. तरीही कालावधीची कसोटी तिला द्यावीच लागेल.

क्रम कोणता असावा?

येथे एक आक्षेप घेतला जाईल. मागे राहिलेल्या प्रदेशाने जुन्या पायऱ्या चढत का बसावे, एकदम सर्वांत नव्या यंत्रावर झेप का घेऊ नये? दूरध्वनीच्या तारा न टाकताच खेड्यांत भ्रमणध्वनी पोचला, हे उदाहरणही पुढे केले जाईल. आक्षेप बिनतोड वाटतो. पण तो या ठिकाणी लागू पडत नाही, आणि त्याचे कारण लेझरच्या स्वभावातच आहे.

लेझरचा सारा मोठेपणा निवडीत आहे. अतिनील प्रकाश मोठ्या वर्तुळावर सरसकट पडतो. लेझर नेमक्या जागी पडतो. पण नेमकी जागा कोणती हे लेझर सांगत नाही, ते नकाशा सांगतो. पारपटलातील दुबळेपणा सर्वत्र सारखा नसून शंकूच्या भागातच एकवटलेला असतो, हे ब्रिलुआँ प्रकीर्णनावर आधारलेल्या सूक्ष्मदर्शकाने अलीकडे दाखविले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली शोधलेल्या परिणामाच्याच कुळातील हे प्रकीर्णन होय. परत आलेल्या प्रकाशाच्या वारंवारतेतील सूक्ष्म फरकावरून ऊतीची ताठरता त्यात कळते. म्हणजे विज्ञान स्वतःच असे सांगत आहे की, प्रत्येक डोळ्याचा दुबळा भाग वेगळा आहे आणि तो आधी हुडकला पाहिजे. नकाशावाचून लेझर म्हणजे आंधळ्याच्या हाती दिलेले अचूक बाण.

आणि नकाशावर केलेला खर्च कधीही वाया जात नाही. आज थेंब व अतिनील प्रकाश यांचा उपचार करावयाचा असो किंवा दहा वर्षांनी लेझरचा, विकार वाढत आहे की नाही हे ठरवण्यास लागोपाठचे नकाशे लागतातच. लेझर यंत्र आधी आणले आणि रुग्ण पंचविशीत आले, तर अत्यंत महाग यंत्राने आपण झालेले नुकसान तेवढे गोठवू. मोजणी आधी सुरू केली आणि रुग्ण बाराव्या-तेराव्या वर्षी सापडले, तर आजचा साधा उपचारही त्यांची दृष्टी वाचवील.

ही मोजणी अवघड नाही. काळ्यापांढऱ्या समकेंद्री वर्तुळांची तबकडी डोळ्यासमोर धरून पारपटलावर तिचे प्रतिबिंब पाहण्याची युक्ती पोर्तुगालच्या प्लासिदो यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली. निरोगी पारपटलावर वर्तुळे गोल दिसतात, शंकूवर ती ओघळल्यासारखी वेडीवाकडी दिसतात. मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाने बंगळुरूच्या शंकरा नेत्र रुग्णालयाच्या साहाय्याने हीच वर्तुळे साध्या भ्रमणध्वनीस जोडून पारपटलाचा नकाशा काढण्याचे साधन २०२१ साली मांडले. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांची दृष्टी तपासली जाते. तीत दोनच प्रश्नांची भर घालावी : मूल वारंवार डोळे चोळते काय, आणि वर्षभरात चष्म्याचा तिरपा नंबर वाढला काय? दोहोंपैकी एकाचे उत्तर होकारार्थी आले तर त्या मुलाचे पारपटल वर्तुळांच्या तबकडीने पाहावे, आणि शंका वाटली तर मोठ्या रुग्णालयाकडे पाठवावे. रायपुरात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०१२ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आहे. पाठवावयाचे कोठे, ही अडचण राहिलेली नाही. कोणाला पाठवावयाचे, ही आहे.

शब्दांचा प्रश्न

अनुवादकाने शेवटी आपल्या कामाविषयी दोन शब्द बोलणे अप्रस्तुत होणार नाही. रायपूरशी ज्यांचे नाव कायमचे निगडित आहे त्या माधवराव सप्र्यांनी लोकमान्यांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेले. ज्ञान एका भाषेतून दुसरीत नेताना शब्द जबाबदारीने निवडावा लागतो, याची जाण या शहराला जुनी आहे. पारपटल 'ताठर' करणे असे म्हटले तर ऐकणाऱ्यास डोळा आखडेल असे भय वाटते. 'कडक' करणे म्हटले तर पारदर्शकता जाईल असे वाटते. म्हणून येथे 'दृढीकरण' हा शब्द योजला आहे आणि तंतूंमधील जोडणीस 'आडबंध' म्हटले आहे. आडबंध हा शब्द विणकामाची आठवण देतो, आणि घडते तेही विणकामासारखेच.

पण सर्वांत घोटाळा करणारा शब्द 'लेझर' हाच आहे. तो ऐकताच घरची मंडळी समजतात की, आता चष्मा जाणार. ज्या उपचाराने दृष्टी फक्त राखली जाते त्याकडून ती परत येण्याची अपेक्षा केली जाते, आणि ती पुरी न झाली की उपचार फसला असे मानून पुढची तपासणी सोडून दिली जाते. घरात मराठी, शाळेत हिंदी आणि बाजारात छत्तीसगढी बोलणाऱ्या कुटुंबाला संमतिपत्रातील इंग्रजी मजकुरातून हा भेद कळणे शक्य नाही. 'हा उपचार वाढ थांबवील, गेलेले परत आणणार नाही' हे एक वाक्य रुग्णाच्या भाषेत, सही घेण्यापूर्वी, मोठ्याने वाचून दाखवावे. त्यास कोणतेही यंत्र लागत नाही.

लेझरच्या संशोधनाचे स्वागतच केले पाहिजे. ज्यांचे पारपटल अतिनील उपचारासाठी फार पातळ झाले आहे त्यांना त्यातून उद्या मार्ग सापडेल, अशी उमेद बाळगण्यास जागा आहे. परंतु निरोगी डोळ्यांचा चष्मा घालवण्याच्या बाजारात हे तंत्र आधी आणि आजारी डोळ्यांपर्यंत मागून, असा क्रम लागू नये. आणि यंत्राच्या प्रतीक्षेत आजची मुले मोठी होऊन जाऊ नयेत. किरण येईल तेव्हा येवो. वर्तुळांची तबकडी येत्या शालेय वर्षीच हाती घेता येईल.